आज उजेड बरोबर नाही

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः रचतेस. मागच्या वेळी मी अप्पांच्या गुडघ्याबद्दल सांगितलं, तर तू सगळ्या नात्यात त्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळवून मोकळी झालीस. लोक फळं घेऊन भेटायला आले. अप्पांनी फळं ठेवून घेतली. म्हणून यापुढे पत्र.

अप्पांचं विसरणं वाढलंय. समोरचे मास्तर सकाळी फाटकापाशी येतात, अप्पा त्यांच्याशी अर्धा तास छान गप्पा मारतात आणि आत येऊन मला विचारतात, ‘हे गृहस्थ कोण गं? माणूस बरा वाटला.’ मास्तर आपल्यासमोर राहायला आले तेव्हा मी शाळेत होते.

मागच्या आठवड्यात मात्र त्यांना कॅमेरा आठवला. कपाटावरच्या बॅगेत आहे, चामड्याच्या केसमध्ये आहे, केसचं बटण तुटलंय, सगळं बरोबर सांगितलं. म्हणाले, कॅमेरा दे आणि दोघा भावांना रविवारी बोलाव, मला त्यांचा फोटो काढायचाय.

आता दोघांना एका ठिकाणी बोलावणं म्हणजे काय ते तुला थोरल्याच्या बाजूनं माहीत आहे. मधल्याची बाजू मी सांगते. अप्पांचा स्टुडिओ बंद झाल्यावर थोरल्यानं तिथे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान टाकलं. जागा करायची म्हणून डार्करूममधला, फोटो मोठे करायचा एन्लार्जर त्यानं एका कॉफीवाल्याला देऊन टाकला. कॉफीवाल्यानं तो दर्शनी काचेत ठेवला आणि त्यावर वेल सोडला. मधला एक दिवस तिथे कॉफी प्यायला गेला. तुला ठाऊक आहे, हा बँकेत नोकरी करतो पण गेली काही वर्षं त्याला जुन्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेत, त्यातला एकही चालत नाही. त्यानं वडिलांचा एन्लार्जर वेलाखाली पाहिला, कॉफी तशीच ठेवली आणि बाहेर येऊन थोरल्याला फोन केला. तो त्यांचा शेवटचा फोन. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलतात. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते हे ते विसरलेत, त्यांना वाटतं मी टेलिफोन खात्यात आहे.

थोरल्याला विचारलं, रोलचं काय करायचं? तो म्हणाला, रोल कशाला, रिकामाच दे, त्यांना काय कळणार आहे. मधल्याला विचारलं. तो म्हणाला, रिकाम्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं ही विटंबना आहे. मग आण रोल, म्हटलं. तर म्हणाला, रविवारपर्यंत मिळणार नाही, यावेळी रिकामा चालेल. दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही वडिलांना फसवण्यावर.

दोघं आले. अप्पांनी त्यांना गॅलरीत बाकावर बसवलं. दोघं बाकाच्या दोन टोकांना. अप्पा म्हणाले, ‘जवळ या. अजून. हा फोटो आहे, जमिनीची मोजणी नाही.’ ते सरकले. खांद्याला खांदा लागला तसे दोघंही समोर बघायला लागले, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. अप्पांनी खटका दाबला, वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, आज उजेड बरोबर नाही, पुढच्या रविवारी परत काढू.

आत्या, मला फार वाईट वाटलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले त्यांच्या हातात आम्ही रिकामा डबा दिला. आणि खरं सांगू, मला त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. अप्पा आहेत तोवर हे दोघं या घरात येतात, तेही वेगवेगळ्या दिवशी. अप्पांनंतर ते एकमेकांच्या दारातही उभे राहणार नाहीत. तेव्हा मी काय करायचं, ते सांग.

तुझी,
बारकी


१२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

खोकला बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. फळांबद्दल माझी काही तक्रार नाही, दादाला फळं आवडतात.

तुझ्या मधल्या भावानं मला मागे लिहिलं होतं की त्याला डार्करूममधल्या, फोटो धुवायच्या हायपोच्या वासाची फार आठवण येते. मी उत्तर दिलं नाही. त्या वासात मी लग्न होईपर्यंत राहिले. माझी ओढणी, माझी पुस्तकं, माझा डबा, सगळ्याला तो वास. मुलगा बघायला आला तेव्हा आईनं मला दोनदा अंघोळ घातली होती. तुझ्या भावाला आठवण येते कारण तो त्या खोलीत फक्त लपाछपी खेळायला यायचा. मी खिडकीशी तिरकी काच लावून बसायचे आणि बारीक टोक केलेल्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरच्या चामखिळी घालवायचे. सुरकुत्या, देवीचे वण, डोळ्याखालचं काळं. माणसं फोटो न्यायला आली की म्हणायची, काय हुबेहूब आलाय.

तरी एक सांगते. दादा खटका दाबतो कसा, हे बघायला मला आत्ताही आवडेल. दुकानात कोणी कितीही मोठा माणूस आला तरी दादा त्याला हनुवटी धरून वळवायचा. एकदा एका न्यायाधीशाला म्हणाला, साहेब, तोंड बंद. न्यायाधीशानं केलं.

वाईट वाटून घेण्याच्या आधी एक काम कर. पुढच्या वेळी दादा कॅमेऱ्याची रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढेल, उजव्या अंगठ्यानं. तेव्हा त्याचा डावा हात कुठे असतो ते बघ आणि कळव. कारण नंतर सांगते, आधी सांगितलं तर तू डोळे फाडून बघशील आणि त्याला कळेल.

भावांना माझा आशीर्वाद, वेगवेगळा.

आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

उशीर झाला. चष्म्याच्या दुकानात नवीन मालकीणबाई आल्यात, त्यांना सगळ्या फ्रेमा रंगाप्रमाणे लावून हव्यात. गिऱ्हाईक नंबर सांगतं आणि आम्ही रंग शोधतो.

इकडे दर रविवारी फोटो आहे. दर रविवारी तोच बाक, तेच दोघं, तोच खटका, आणि मग उजेड बरोबर नाही. एकदा ढग होते म्हणून. एकदा ऊन फार म्हणून. एकदा थोरल्याचा शर्ट फार पांढरा होता, त्याचा उजेड मधल्याच्या तोंडावर पडत होता म्हणाले. पुढच्या रविवारी थोरला राखाडी शर्ट घालून आला. त्याच्याकडे राखाडी शर्ट नव्हता, त्यानं विकत घेतला.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठवण कमी झाली की माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, करू दे. म्हणजे वाढतंच चाललंय. रविवारी काय केलं ते त्यांना सोमवारी आठवत नसावं. मी विचारत नाही, धीर होत नाही.

पण दुसरी गोष्ट सांगते. अप्पांनी आता बाक गॅलरीतून मागच्या अंगणात न्यायला सांगितला. बाक शिसवी, एकट्यानं उचलत नाही. दोघं बाकाची दोन टोकं धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. आतून ऐकलं. थोरला म्हणाला, तुझ्याकडून उचल. मधला म्हणाला, मी उचललंय, तू उचल. दोन वर्षांनंतरची ही दोन वाक्यं. तू इथे असतीस तर रडली असतीस. मी चहा उतू घालवला.

त्यानंतर बरंच पुढे गेलंय. थोरली वहिनीही येते. फोटो झाला की लगेच निघत नाहीत, चहा होतो. परवा मधल्यानं थोरल्याला विचारलं की पासपोर्ट फोटोला मागचा पडदा पांढराच का लागतो. त्याला ते माहीत आहे. तरी विचारलं. थोरल्यानं नीट समजावून सांगितलं, आणि मधल्यानं नीट ऐकून घेतलं. एन्लार्जरचं नाव कोणी काढत नाही.

तुझं काम केलं. अप्पा लिव्हर ओढतात तेव्हा डावा तळवा कॅमेऱ्याच्या वर, डाव्या कोपऱ्यात एक छोटी गोल चकती आहे, तिच्यावर असतो. नुसता टेकवलेला. प्रत्येक वेळी. का विचारलंस?

तुझी,
बारकी


१९ मार्च

प्रिय बारके,

ती चकती रोल गुंडाळायची. आत रोल नीट बसलेला असला की लिव्हर ओढल्यावर ती आपोआप फिरते. रोल नसला किंवा सुटलेला असला तर ढिम्म हलत नाही. एखाद्या समारंभात सगळे फोटो काढून झाल्यावर कळतं की रोल अडकलाच नव्हता, अशी फजिती ज्याची एकदा झाली तो जन्मभर त्या चकतीवर हात ठेवतो. दादाची झाली होती. कोणाच्या समारंभात ते मी लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत.

म्हणजे तुमचा कॅमेरा रिकामा आहे हे त्याला पहिल्याच रविवारी, पहिल्याच खटक्याला कळलं. तुम्ही त्याला फसवत नाही आहात. तो तुम्हाला फसवतोय. डॉक्टरला सांगू नकोस, त्याचं मन मोडेल.

आता का, ते मला बरोबर माहीत आहे. दुकानात मोठा कॅमेरा होता तेव्हा दादाची ही पद्धतच होती. माणसं कॅमेऱ्यापुढे बसली की श्वास कोंडतात, मान ताठ, डोळे बटाट्याएवढे. दादा फिल्मपुढची पट्टी न काढता नुसता खटका वाजवायचा आणि म्हणायचा, झाला. माणसं सुटकेचा श्वास सोडायची, एकमेकांकडे बघून हसायची, आणि तेवढ्यात तो पट्टी काढून खरा फोटो घ्यायचा. त्याचे सगळे चांगले फोटो ‘झाला’ म्हटल्यानंतरचे आहेत. तेच चाललंय. दोन वर्षं आखडलेली माणसं एका खटक्यात मोकळी होत नाहीत, म्हणून त्याला इतके रविवार लागले.

आता ती दोघं बोलायला लागली आहेत, म्हणजे वेळ झाली. तो तोंडानं मागणार नाही, त्याचा तसा स्वभाव नाही. तुम्हीच रोल भरून ठेवा. मधल्याला आणायला सांग आणि थोरल्याला भरायला सांग, उलट करू नकोस. दादाला काही सांगू नका. लिव्हर ओढली की चकती फिरेल, त्याच्या हाताला कळेल, आणि तो फोटो काढेल.

आणि एक प्रत मला पाठव. माझे गुडघे आता मला एवढ्या लांब येऊ देत नाहीत. तुम्ही सगळे दर खेपेला बोलावता आणि मी दर खेपेला हो म्हणते, पण येणं होणार नाही हे तुला मला सगळ्यांनाच माहीत आहे. एक चांगला फोटो मिळाला की मी तो पलंगासमोर लावीन, आणि येण्याचा विषय संपेल.

आत्या


८ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं ऐकलं. फार चूक झाली.

रोल मधल्यानं आणला. हौशी लोकांसाठी एक दुकान आहे, तिथे असल्या गोष्टी फ्रिजमध्ये ठेवतात. त्यानं तो रुमालात गुंडाळून आणला. भरायला थोरल्याला दे म्हटलं तर त्याला पटेना, इतके कॅमेरे बाळगून मला एवढं येत नाही का, म्हणाला. भरला. थोरल्यानं झाकण उघडून बघितलं, टोक बाहेर लोंबत होतं. मला वाटलं आता पुन्हा दोन वर्षं. पण थोरला फक्त म्हणाला, थांब. आणि अप्पांनी लहानपणी शिकवल्याप्रमाणे टोक खाचेत घातलं, बोटानं जरा ताणलं, दात भोकात बसलेत का ते बघितलं. थोरला फिल्मला नावं ठेवतो आणि त्याचे हात ते विसरलेले नाहीत. जेवणाच्या टेबलावर दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. मी दारात उभी होते. मला वाटलं, हाच फोटो काढायला हवा होता.

मग अंगणात गेलो. बाक, शर्ट, सगळं ठीक. आणि खरोखर, आत्या, उजेड सुंदर होता. अप्पांनी लिव्हर ओढली आणि थांबले. पुन्हा डावा तळवा चकतीवर ठेवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. नंतर दोघांकडे. मला वाटलं, आता काढतील.

त्यांनी झाकण उघडलं. भर उन्हात. रोल ओढून बाहेर काढला, सगळाच्या सगळा, गुंडाळून खिशात घातला, झाकण लावलं, लिव्हर ओढली, खटका दाबला. म्हणाले, ‘आज उजेड बरोबर नाही.’

मधला डोळे पुसत उठला. थोरला आधी हसला आणि मग चिडला, मला म्हणाला, हे फार झालं, त्यांचं डोकं पूर्ण गेलंय आणि आपण सगळे त्यांच्या मागे बाक घेऊन हिंडतोय. मधला म्हणाला, तो बरोबर बोलतोय. आता दोघांचं सगळ्यावरच एकमत आहे. फोटो बंद, रविवार बंद. मधला कॅमेरा सर्व्हिसिंगला म्हणून घेऊन गेला, तो परत येणार नाही, त्याच्या कपाटात जाईल. जाताना दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी गेले.

अप्पांना चकती कळते, असं मी दोघांना सांगितलं. विश्वास बसला नाही. कळतं तर मग रोल का खराब केला, असं म्हणाले. त्याचं उत्तर तुला येतं का? तू म्हणालीस, ते फोटो काढतील. तू त्यांच्याबरोबर त्या खोलीत इतकी वर्षं होतीस, म्हणून मी ऐकलं. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि राग लिहून झाला तरी गेलेला नाही.

तुझी,
बारकी


१६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझी पत्रं बारकीच्या टेबलावर होती. वाचली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला माहीत आहे, पण मला विसरायचा आजार आहे.

कॅमेरा रिकामा आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं, इथपर्यंत तुझं बरोबर. पुढचं सगळं चुकलं. तू खिडकीशी बसायचीस आणि तुला फक्त निगेटिव्ह दिसायची. बाक माझ्यासमोर होता.

तुला आठवतं का, लोक कसे यायचे ते. कपडे धुतलेले, भांग पाडलेला. त्यात रुसलेला भाऊ असायचा, सासऱ्याशी न बोलणारी सून असायची, सगळे एका बाकावर. मी जवळ या म्हणायचो आणि ते यायचे, कारण फोटोग्राफरचं सगळे ऐकतात, बापाचं कोणी ऐकत नाही. मग खटका वाजायचा आणि बाक रिकामा व्हायचा. फोटो छान यायचा. तो भिंतीला लावायचे आणि त्याच्याखाली बसून निवांत भांडायचे. पुन्हा तसे एका बाकावर बसलेले मी फार थोडे पाहिले. कशाला बसतील? फोटो तर आहे.

फोटो निघाला की माणसं घरी जातात. म्हणून मी काढला नाही, आणि काढणारही नव्हतो. मधल्यानं आणलेला रोल चांगला होता. तो अजून माझ्या खिशात आहे, तेवढं वयाचं म्हणून सोडून दे.

मी विसरतो हे खरं आहे. रोज थोडं जातं. समोरचे गृहस्थ कोण ते मला आजही माहीत नाही. एक दिवस हे दोघं कोण तेही मला सांगता येणार नाही, आणि त्याची मला भीती वाटते, इतर कशाची वाटत नाही. त्या दिवशी त्यांना एकमेकांचा नंबर फिरवता यायला हवा. बारकीनं तरी किती वर्षं टेलिफोन खातं चालवायचं?

आता परवाच्या रविवारचं. कॅमेरा नव्हता, फोटो नव्हता, कोणाला बोलावलं नव्हतं. मी अंगणात नुसता बसलो होतो. आधी थोरला आला, मला समजवायला की फोटोचं बंद केलंय ते माझ्या तब्येतीसाठी. थोड्या वेळानं मधला आला, तेच समजवायला. दोघांना वाटलं दुसरा येणार नाही. मग रोल वाया गेला तो कोणाच्या चुकीनं यावर सुरू झालं. तिथून एन्लार्जरवर गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा, एकमेकांच्या तोंडावर, खणखणीत. थोरला म्हणाला, डार्करूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तू कधी झाडू तरी मारलास का? मधला म्हणाला, मला एकदा विचारायचं तरी होतंस. ‘विचारायला हवं होतं,’ थोरला म्हणाला. मी चहाचं विचारलं, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बारकी दारात उभी राहून रडत होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, कांदा. हातात कांदा नव्हता.

निघताना थोरला म्हणाला, हे अजून संपलेलं नाही, पुढच्या रविवारी बोलू. मधला म्हणाला, बोलू. नंतर दोघं फाटकापाशी उभे राहून पुन्हा बोलत होते, रिक्षा थांबलेली होती, रिक्षावाला कंटाळून बिडी ओढत होता. दोघं एकाच रिक्षानं गेले.

बारकी तुझ्यावर रागावलेली नाही, तुला पत्र लिहायला बसते आणि फाडते. आता हेच टपालात टाक म्हणून तिला देतो.

तुला फोटोची एक प्रत हवी आहे, पलंगासमोर लावायला, म्हणजे येण्याचा विषय संपेल, असं वाचलं. प्रत मिळणार नाही. गुडघे घेऊन ये.

दादा